पडल्याचा दाखला

प्रभावतीबाईंना चौऱ्याऐंशीव्या वर्षी, रविवारी सकाळी सव्वानऊला, हातात पोह्यांची बशी असताना कळलं की त्या आयुष्यात कधी पडल्याच नव्हत्या.

टीव्हीवरच्या एका गुळगुळीत मुलीने हे हसत हसत हिंदीत सांगितलं. पुढच्या रविवारी मूकपटांवर खास कार्यक्रम. त्यातली गंमत म्हणजे, त्या काळच्या विनोदी नटी प्रभावती यांची सगळी पडापडी विठ्ठल नावाचा पुरुष नऊवारी नेसून करायचा! तिच्यामागे पडद्यावर सतरा वर्षांच्या प्रभावतीबाई म्हशीवरून कोलांटी खाऊन हौदात गेल्या.

"ती मी आहे," बाई म्हणाल्या.

"हो ना आजी, क्यूट," नातू अतुल पेपरातून डोकं न काढता म्हणाला.

"अरे, विठ्ठल आमच्या फिल्म कंपनीचा आचारी होता! उकिडवं बसला तरी त्याला भोवळ यायची!"

दिल्लीत आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये केबल येऊन दीड वर्ष झालं होतं. चाळीस चॅनेलांपैकी प्रत्येकाने बाईंना आळीपाळीने राग आणला होता, पण ते राग किरकोळ होते. हा राग त्यांनी बशी खाली ठेवून केला.

खोटं चॅनेलने रचलेलं नव्हतं, हे जास्त झोंबत होतं. १९२९ साली त्यांचा पहिला चित्रपट लागला, तेव्हा मिरजेच्या शाळामास्तरांची मुलगी चारचौघांत पाय वर करून पडते म्हणून बोंब झाली. मास्तर कंपनीच्या दारात उपोषणाला बसले. मालकाने तोडगा काढला आणि जाहिरात छापली : 'कुलीन घरच्या कु. प्रभावती केवळ उभ्या राहतात. पडण्याचे काम आमचे विठ्ठल करतात.' मास्तरांनी विठ्ठलच्याच हातचं पिठलं खाऊन उपोषण सोडलं. प्रभावतीने मान डोलावली, कारण सोमवारी तिला जिन्यावरून पडायचं होतं आणि जिना फार चांगला होता.

पुढच्या चार वर्षांत ती सव्वीस चित्रपटांत पडली. विहिरीत, खटाऱ्यातून, नवरदेवाच्या अंगावर. तोल गेला की ती लगेच पडायची नाही. एक, दोन, तीन मोजायची. तेवढ्यात थिएटर हसून पडायचं, मग ती. मग उठून पदर सारखा करायचा आणि जमिनीला झापायचं. पुढे बोलपट आला. दिग्दर्शक म्हणाला, पडताना किंचाळ. ती म्हणाली, पडणाऱ्याला वेळ कुठे असतो? किंचाळणारी दुसरी मिळाली. हिचं रेल्वेतल्या कारकुनाशी लग्न झालं आणि नंतरची साठ वर्षं ती एकदाही पडली नाही. सासरचे म्हणत, सून जपून चालते.

बाईंनी नोएडाला चॅनेलच्या ऑफिसात फोन लावला. युवराज नावाचा संशोधक मिळाला. मुलगा मराठी, पण वाढलेला इथलाच.

"आजी, जाहिरातीचं कटिंग आहे ना माझ्याकडे. छापील."

"छापणारा मेला. पडणारी जिवंत आहे. बोलतेय तुझ्याशी."

"बिल्कुल! पण तुम्ही तर तेच म्हणणार ना, यार... सॉरी, आजी. काही कागद असेल तर दाखवा. अटेस्टेड."

बाईंनी फोन असा आपटला की भिंतीपलीकडून कुणीतरी "कौन है?" विचारलं.

आर. के. पुरममध्ये माणसाला एक वेळ पाणी मिळणार नाही, पण अटेस्टेशन मिळतं. तळमजल्यावरचे काशीनाथ मेश्राम राजपत्रित अधिकारी होते. हिवाळ्यातल्या रविवारी ते लॉनवर उन्हात, वेताच्या मोढ्यावर बसून शेंगा सोलत आणि हिरव्या शाईने अख्ख्या ब्लॉकच्या गुणपत्रिकांवर सह्या करत. समोर रांग होती. बाई रांगेत शिरल्या नाहीत, रांग बाजूला झाली.

"मेश्रामसाहेब, लिहा. प्रभावतीबाई स्वतः पडत असत."

"लिहितो ना, आजी. ओरिजिनल दाखवा."

"कशाचं?"

"पडण्याचं. मूळ बघितल्याशिवाय मी सही करत नाही. सख्ख्या मुलीच्या मार्कशीटवर केली नव्हती. तिचं एक वर्ष गेलं."

बाईंनी विचार केला. मागणी रास्त होती. त्यांनी अतुलकडे चष्मा दिला.

"आजी, नाही हं," अतुल म्हणाला.

बाई चार पावलं मागे गेल्या आणि मेश्रामांच्या शेंगांच्या टोपलीकडे अशा चालू लागल्या की जणू जगात टोपली ही वस्तूच नाही. पाय अडकला. तोल गेला. रांगेतल्यांनी श्वास ओढला. एक. बाईंनी हवेत काहीतरी धरलं, ते तिथे नव्हतं. दोन. ते नाही म्हणून त्या त्याच्यावर रागावल्या. तीन. आणि गवतावर पाठ टेकवून पडल्या. शेंगा मेश्रामांच्या डोक्यावर पडल्या.

"माताजी गिर गईं! पानी लाओ!" सगळी रांग धावली. स्वेटर विणणाऱ्या बायका सुया टाकून आल्या. कुणीही हसलं नाही.

बाईंचं मस्तक फिरलं. "हात लावू नका! अर्धंच झालंय! उठणं कोण बघणार?"

सगळे मागे सरले. उठायला पूर्वी एक सेकंद लागायचा, आता चार मिनिटं लागली. पण त्यातलं एकही फुकट गेलं नाही. आधी एक गुडघा आला. दुसरा कुठे गेला म्हणून त्यांनी शोधला. उभ्या राहून पदर सारखा केला, खाली वाकून आर. के. पुरमच्या जमिनीला बोट दाखवून झापलं, आणि मेश्राम, ज्यांना ऑफिसात अकरा वर्षांत कुणी हसताना पाहिलं नव्हतं, मोढ्यासकट मागे गेले.

डोळे पुसत त्यांनी लिहिलं : 'माझ्यासमक्ष दुर्दैवाने पडल्या.'

"दुर्दैव?" बाई ओरडल्या. "खोडा ते! सरावाने लिहा!"

बुधवारी अतुलने रजा काढून त्यांना नोएडाला नेलं. युवराजने दाखला दोनदा वाचला.

"आजी, हा या रविवारचा आहे. एकोणतीस सालचा कुठेय?"

"तेव्हा मेश्रामसाहेब जन्मायचे होते."

"अच्छा, मग इथेच कॅमेऱ्यासमोर करू! म्हशीचा सीन. तुम्ही खरंच पडत होता असं दिसलं, तर विठ्ठल कट. प्रॉमिस."

बाईंनी पदर खोचला. सेटवर गाद्या घातल्या होत्या, म्हशीच्या जागी काळा सोफा होता. आणि सोफ्यावर नऊवारी नेसून, मिशी पावडरीने झाकून, गाझियाबादचा एक पैलवान बसला होता.

"हा कोण?"

"तुमचा डुप्लिकेट. चॅनेलचा नियम आहे, आजी. साठीच्या वरच्याला सेटवर पाडायचं नाही. तुम्ही फक्त उभं राहायचं."

बाईंनी खोचलेला पदर आणखी घट्ट खोचला. अतुलने एक पाऊल मागे घेतलं, कारण तो त्यांच्या घरात वाढला होता.

पैलवानाने बाईंना वाकून नमस्कार केला आणि सोफ्यावरून पोतं टाकावं तसा पडला. सगळा स्टुडिओ हसला. टाळ्यासुद्धा वाजल्या.

"याला हसता?" बाईंचा आवाज चढला. "मेल्यांनो, पोतं पडलं तरी हसाल! सदुसष्ट वर्षं झाली, अजून बाईच्या जागी लुगडं नेसवलेला बाप्याच लागतो तुम्हाला! अन् तोही असा!"

आणि त्या तरातरा सोफ्यावर चढल्या.

"आजी! नियम आहे!" युवराज ओरडला.

बाईंचा तोल गेला. एक. युवराज वायरी ओलांडत हात पसरून धावला. दोन. तो झेलायला पुढे झुकला. तीनला बाई सोफ्यावर गपकन बसल्या. त्यांच्या जागची हवा झेलून युवराज सोफ्यावरून पलीकडे गेला आणि दिव्याची छत्री घेऊन गादीबाहेर आपटला.

आधी कॅमेरामन हसू लागला. त्याला कॅमेरा हलवायचा नव्हता म्हणून तो तोंडात मफलर कोंबून हसत होता. पैलवान लुगड्यात तोंड खुपसून रडेपर्यंत हसला.

बाई हसल्या नाहीत. त्या सोफ्याच्या कडेवरून खाली बघत होत्या.

"लागलं का?"

"नाही, आजी."

"तुला कुणी पाडलं?"

छत्रीखालून आवाज आला, "तुम्ही."

"विठ्ठलने नाही?"

"नाही, आजी."

"मग तेच सांगायचं रविवारी, पडायचं काम विठ्ठलचं नव्हतं म्हणून. त्या हसऱ्या पोरीच्या तोंडून. माझं नाव घेऊन." बाईंनी त्याला उठायला हात दिला नाही. "अन् उठताना घाई करू नकोस. कॅमेरा चालू आहे."