गाठोड्याचा उजवा पाय

"सरक जरा. सरक म्हटलं ना! अख्खा पंखा एकट्यालाच हवा का तुला? जन्मभर लोकांचे सोफे शिवले मी, आणि आडवं व्हायला मला ही सतरंजी. साहेब मात्र गालिच्यावर!"

दुपारची जेवणं झाली होती. पडद्याच्या अलीकडे मी उशीच्या अभ्र्याला चेन लावत बसले होते आणि पलीकडे आमचे हे जमिनीवर पडून गाठोड्याशी भांडत होते. गाठोडं म्हणजे आमचं कुत्र्याचं पिल्लू. पिल्लू आपलं म्हणायचं. वर्षाचंही झालेलं नाही, पण उभं राहिलं की हनुवटी आरामात जेवायच्या टेबलावर टेकते, आणि पंजे एवढे की बघणाऱ्याला वाटावं, पाय आधी आलेत, कुत्रं मागून येतंय. मुलाने ते घरी आणलं तेव्हा चादरीत गुंडाळलेलं होतं, नाक तेवढं बाहेर. "आई, गाठोडं आणलंय. धुवायला टाकू नकोस हं," म्हणाला. तेच नाव पडलं.

मुलगा आता नाही. हे मी इथे लिहिते आहे, घरात ते कोणी बोलत नाही. आम्ही "तेव्हा" म्हणतो, "त्याच्यानंतर" म्हणतो आणि लगेच कोणीतरी विचारतं, दूध तापवलं का. कामावरच्या जिन्यात तो खाली बसला, जरा छातीत भरल्यासारखं होतंय म्हणाला, आणि तेवढंच. मागे राहिलो आम्ही दोघं, आमची सून, गाठोडं आणि अंगणात झाकून ठेवलेली त्याची स्कूटर.

आमचं दुकान खाली, घर वर. ह्यांना कुठलंही यंत्र पडून राहिलेलं बघवत नाही. गाडी अशीच उभी राहिली तर बॅटरी बसेल, म्हणून एका सकाळी कोणाला न विचारता ह्यांनी झाकण काढलं आणि ती सुरू केली. ती स्कूटर आधी खोकायची, मग धरायची. तो आवाज रस्त्यावरच्या शंभर गाड्यांतून ओळखता यायचा. गाठोडं वर झोपलं होतं. ते उठलं, दार ढकललं, बाहेरचा जिना अर्धा उतरलं आणि उरलेला अर्धा उतरायला वेळ कुठला, म्हणून कठड्यावरून सरळ अंगणात उडी मारली. सून आणि मी दोघी गॅलरीत होतो, त्यामुळे आम्हाला ते दिसलं. ह्यांनी गाडी बंद केली. मग गाठोड्याचं ओरडणं तेवढं राहिलं.

पुढचा उजवा पाय मोडला.

"वाढीच्या टोकालाच लागलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून त्यांनी आम्हाला हाडातली ती बारीक रेघ दाखवली. "ही थोराड जात. हाडं भराभर वाढतात. आता घाई केलीत तर पाय वाकडा वाढेल आणि जन्मभर तसाच राहील. पळायचं नाही, उडी नाही, जिना नाही. कोंडूनच ठेवायचं."

"हे त्याला कोण सांगणार?" ह्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगायचं. आणि ऐकत नसेल तरी ऐकायला लावायचं."

सुनेचं जायचं तेव्हा ठरत आलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवते. तिच्या मालकांनी दुसऱ्या शहरात दुकान काढलं होतं, तिची थोरली बहीण तिथेच राहते. मालक म्हणाले, तू गेलीस तर माझी काळजी मिटेल. तिने आम्हाला ते सांगितलं ते चहाचे कप उचलता उचलता, पाठ फिरवून. आम्हीही "छान झालं" म्हणालो. आता पायाचं हे झाल्यावर ती म्हणाली, "गाठोड्याचा पाय बरा झाला की निघते."

ह्यांनी मान हलवली. मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पण खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं, हाड जुळायला वेळ लागतो. बरं आहे.

ह्यांनी त्याच दिवशी एका जुन्या सोफ्याचा सांगाडा उभा-आडवा कापून बैठकीच्या खोलीत पिंजरा केला. आता सोफेवाल्याने केलेला पिंजरा तो. त्यात खाली स्प्रिंगा, वर काथ्या, त्यावर फोम, त्यावर गुबगुबीत गादी. "माझ्या हातचं आहे, आजारी जिवाला लागायला नको काही." गाठोड्याला आत ठेवलं. त्याने एक पाय उचलून अंदाज घेतला, गादी खालून वर आली, आणि ते जे उसळलं ते उसळतच राहिलं. एवढी मजा त्याला साऱ्या जन्मात मिळाली नव्हती. सून किंचाळत धावली. डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग चिडल्या. "अहो, कडक, सपाट आणि पाय न घसरणारं हवं! पाय मोडलाय त्याचा, पाहुणा आलाय का तो?" स्प्रिंगा निघाल्या. मग ह्यांनी रेक्झीन घातलं, त्यावर ते चारी बाजूंनी घसरलं. शेवटी रबराच्या पाठीचा गालिचा आला, तोच तो, ज्यावरून रोज दुपारी भांडण चालायचं.

पाय बांधलेला असला तरी डोकं मोकळंच ना. दोन दिवसांत त्याने टेबलाचा पाय कुरतडला, माझी चप्पल खाल्ली, पट्टी चावू नये म्हणून गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कर्णा भिंतीवर आपटून फोडला. ह्यांनी फोमचा नवा कर्णा शिवला, कडेला गोठसुद्धा लावला. मग चिंध्यांची एक मोठी चटई केली, तिला खिसेच खिसे. त्या खिशांत सून गाजराचे तुकडे लपवायची आणि ते नाकाने शोधत बसायचं. "पळू नाही दिलं तर वास तरी घेऊ दे, दमेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या आणि ते खरंच दमायचं. झडपेचे खिसे त्याला उघडता येऊ लागले तेव्हा ह्यांनी चिकटपट्टी लावली. तीही जमली तेव्हा सुनेला म्हणाले, "आता चेन लावतो. तुझ्या सासूला सांग, एक चेन कमी कर अभ्र्यातली."

"सासूला ऐकू येतंय," मी पडद्याआडून म्हणाले.

सून हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसलं होतं. मग लगेच कोणीतरी विचारलं, दूध तापवलं का.

सगळ्यात अवघड काम म्हणजे त्याला अंगणात नेणं. ह्यांची कंबर धरलेली, त्यामुळे ते आमच्या दोघींकडे. छातीखालून टॉवेल घालून पुढची बाजू सुनेने उचलायची, मागची मी. जिन्यावर दोघींचं पाऊल एका वेळी पडलं नाही तर ते मध्ये लोंबकळायचं. "आई, आधी डावा." "अगं, माझा डावा गुडघाच दुखतो." "मग उजवा. पण आधी सांगा तरी!" असं करत आम्ही रोज खाली जायचो. लग्न होऊन आल्यापासून ही पोर आणि मी एका घरात होतो. पण तिचा श्वास माझ्या श्वासाबरोबर चालताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. खाली उतरलं की झाकलेल्या स्कूटरजवळ गाठोडं थांबायचं, झाकणाखाली नाक घालायचं. आम्ही दोघी दुसरीकडे बघायचो.

पट्टी निघाली. मग दोरीला बांधून हळूहळू चालवायचं सुरू झालं. सुरुवातीला ते पाय नुसता टेकायचं, मग भार टाकायचं, मग लंगडायचं. मग...

आमच्या धंद्यात कान तयार होतो. सोफा शिवून झाला की लगेच गिऱ्हाइकाकडे जात नाही. घरातलं कोणीतरी त्यावर बसतं, चहा पितं, इकडून तिकडे सरकतं, आणि हे डोळे मिटून सांगाड्याला कान लावतात. कुठे करकरलं की पुन्हा उलटा. मुलगा लहानपणापासून बसायचा. अंगाने चांगला भरलेला, त्याच्याखाली जे टिकलं ते कुठेही टिकेल, असं हे म्हणायचे. त्याच्यानंतर सून बसायची. "ही कसली बसते, फुलपाखरू बसल्यासारखी," म्हणून हे कुरकुरायचे आणि तरी तिलाच हाक मारायचे.

तर, आम्ही दोघं खाली दुकानात असलो की डोक्यावर वरची फरशी. तिच्यावर गाठोड्याची नखं वाजायची. टक, टक, टक, आणि चौथं दबकं, अर्धवट. काही दिवस आम्ही ते अर्धवट पाऊल ऐकत काम केलं. मग एके सकाळी मी कापड कापत होते आणि वर चार टक टक झाले, एकसारखे, भरीव. ह्यांच्या हातातली हातोडी थांबली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी खिळ्याकडे पाहिलं.

"अजून लंगडतंय," हे म्हणाले.

"हो ना," मी म्हणाले. "जरा आहेच."

संध्याकाळी सून कामावरून आली. त्याला अंगणात फिरवून आणलं आणि टॉवेल दोरीवर टाकत म्हणाली, "अजून जपूनच टाकतंय नाही पाय?"

"मलाही तसंच वाटलं," मी म्हणाले.

फिरवायला न्यायचं तर टॉवेलही लागत नव्हता आता. तरी आम्ही तो घालत होतो आणि जिना उतरताना "आधी उजवा" म्हणत होतो. मध्ये गाठोडं आपल्या चार पायांनी चालत होतं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनीच निरोप धाडला, फोटो काढून घ्या म्हणून. आम्ही तिघंही गेलो. त्यांनी नवा फोटो उजेडाला धरला. ती रेघ नव्हती. पाय सरळ, हाड जुळलेलं.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "फार चांगलं जपलंत. आता लंगडायला नको."

"लंगडतं पण," हे म्हणाले.

"थोडं," मी म्हणाले.

"कधीकधी," सून म्हणाली.

"बघू. चालवा बरं."

सुनेने त्याला त्या लांब खोलीत चालवलं. आणि गाठोडं लंगडलं! आम्हा तिघांच्या मधून, आमच्या तोंडांकडे बघत, असं काही केविलवाणं लंगडलं की अनोळखी माणसाच्याही डोळ्यांत पाणी यावं. ह्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, बघा म्हणतो ना, अशा चेहऱ्याने.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर सरकवला. "उजवा मोडला होता ना याचा?"

"हो."

"मग हे डाव्याने का लंगडतंय?"

आम्ही तिघांनीही एकदम गाठोड्याच्या पायांकडे पाहिलं.

"नाटकी आहे," त्या हसत म्हणाल्या. "लंगडलं की तुम्ही उचलता, गाजर देता, डोक्यावरून हात फिरवता. शिकलं ते. कोणता पाय ते मात्र विसरलं." त्यांनी गाठोड्याचा कान ओढला. "लबाडा! जा आता, सुटी झाली तुझी."

आम्ही हसलो. हसणं भागच होतं. मग परत निघालो. गाठोडं मध्ये, ताठ, चारी पायांवर. नाटक उघडं पडल्याचं त्याला काही सोयरसुतक नव्हतं.

दुकानात एक मोठा सोफा शिवून तयार होता, गिऱ्हाईक दोनदा विचारून गेलं होतं आणि हे दोन्ही वेळा "थोडं काम बाकी आहे" म्हणाले होते. काम काही बाकी नव्हतं. आत आल्यावर ह्यांनी त्यावरचं कापड ओढून काढलं.

"बस गं बाळ," हे सुनेला म्हणाले. "पाठवून टाकू आज."

ती बसली. मी चहा आणून तिच्या हातात दिला. हे गुडघ्यांवर बसले, सांगाड्याला कान लावला, डोळे मिटले. ती डावीकडे सरकली, मग उजवीकडे. काही वाजलं नाही. तेवढ्यात गाठोड्याने दारातूनच झेप घेतली आणि सगळं वजन घेऊन ते तिच्या शेजारी येऊन आदळलं. चारी पाय एकदम. एरवी आम्ही तिघंही ओरडलो असतो, "उडी नाही!" पण कोणी ओरडलं नाही. सोफाही करकरला नाही.

ह्यांनी कान काढला नाही. "अजून एकदा बघायला हवं," सोफ्याशीच बोलल्यासारखे हे म्हणाले. "डावा पाय म्हणजे... वजन इकडे घेऊन घेऊन डाव्यालाही काही झालं असेल. थोडे दिवस लक्ष ठेवायला हवं. घाई नको."

"घाई कसली," मी म्हणाले.

सुनेने कप खाली ठेवला. गाठोड्याचं डोकं आता तिच्या मांडीवर होतं, ती त्याचा उजवा पाय हातात धरून बसली होती. जिथे मोडला होता तिथे अंगठा फिरवत होती.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही गाडी चालू केलीत ना..."

ह्यांनी डोळे उघडले. इतक्या दिवसांत त्या सकाळबद्दल घरात कोणी एक अक्षर बोललं नव्हतं.

"मी चुकलो गं," हे म्हणाले. "मला बॅटरीचं..."

"नाही हो बाबा, ते नाही." ती माझ्याकडे बघत होती. "आई, तुम्ही गॅलरीत का धावत आलात?"

माझ्या हातात चहाची किटली होती. ती कुठे ठेवावी मला कळेना.

"हे उडी मारून गेलं," ती म्हणाली. "आपण कठड्याला थांबलो, एवढाच फरक. मलाही वाटलं, तोच आला. तुम्हालाही वाटलं. आणि मला अजून वाटतं, आई. रोज. खाली काही वाजलं की मी केस सारखे करते. तो मेलाय. या घरात असले की मला ते कळतच नाही. जावं लागतंय म्हणून नाही... मला जायचंय."