कुंताबाईंची मेढ

मित्रांनो, मी ऐनाच्या लाकडाचा एक जुना खांब आहे, आणि पूर्वीपेक्षा वीतभर बुटका आहे. सिहोऱ्याला मधुकररावांच्या घरामागे भाजीची बाडी आहे. तिच्या फाटकाचा भार माझ्यावर असतो. आतली वांगी आणि वाल माझ्याच भरवशावर पिकतात, असं मी समजतो. शेळ्यांचं मत अर्थातच वेगळं आहे.

माझा जन्म धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे भातखाचराच्या बांधावर झाला. एका वादळात आमचं झाड आडवं पडलं. त्याच सुमारास मधुकररावांच्या मुलीचं, मेघाचं लग्न ठरलं होतं. मग मला तासून मांडवाची मेढ केलं. बायकांनी मला हळद लावली, आंब्याची पानं बांधली, ओवाळलं. धुऱ्यावरच्या झाडाला एवढा मान कुठला मिळायला? मी अगदी फुगून गेलो होतो, खोटं कशाला सांगू.

लग्न झालं, मांडव निघाला. बाकीच्या खांबांचं जळण झालं. माझीही पाळी आली तेव्हा मेघाची आई, कुंताबाई, आडव्या आल्या.

"हे माझ्या पोरीच्या लग्नाची मेढ हाय. हिले चुलीत नाही जाऊ देत मी," त्या म्हणाल्या. असा मी बाडीच्या फाटकाशी येऊन उभा राहिलो.

पहिल्याच वर्षी मेघा सासरी, बपेऱ्याला, तापानं फणफणली. इकडे कुंताबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी तांब्याभर पाणी माझ्या पायाशी ओतलं आणि हात जोडले. चार दिवसांत मेघा बरी झाली. झालं, तेव्हापासून सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की पुढचा तांब्या माझा ठरला. मेढ नीट तर लेक नीट, हे त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. अंगण सारवताना त्या माझ्या पायाशीही शेणाचा जाड थर द्यायच्या. थंडीत तर मला ऊब मिळावी म्हणून धानाचं तणीस, म्हणजे वाळका पेंढा, माझ्याभोवती रचून ठेवायच्या.

आता तुम्हीच सांगा, अशी माया कोणाला नको असते? मी मनातून सुखावत होतो आणि पायातून कुजत होतो. झाड मुळांनी पाणी पितं. तोडलेलं लाकूड पीत नाही, नुसतं भिजतं. त्यात शेण आणि तणीस म्हणजे वाळवीला जेवणाचं आमंत्रणच. ती आली आणि माझ्या पायात घर करून राहिली. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण खांबाला तोंड कुठे असतं?

यंदा मेघा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. रोज सकाळी ती बाडीत सावकाश फिरायची आणि दमली की फाटक धरून उभी राहायची. एके दिवशी तिनं फाटक धरलं आणि मी कलंडलो. तिचा तोल गेला. मधुकररावांनी धावत येऊन तिला सावरलं, म्हणून निभावलं. मित्रांनो, मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. माझ्यामुळे तिला काही झालं असतं तर?

"हा खांब काढाच लागते आता. सिमेंटचा पोल आणतो," मधुकरराव म्हणाले.

"पोरीचे दिवस भरत आले, अन् आत्ताच मेढ उपटता?" कुंताबाई मध्ये आल्या. "लेकराले काही झालं तं?"

मेघा हळूच खाली बसली आणि काडीनं माझ्या पायाचं शेण खरवडू लागली. आतून ओला भुसा आणि वाळवी बाहेर आली.

"माय, हे झाड नोहे, लाकूड हाय," ती म्हणाली. "तू रोज पाणी टाकून राहिली, म्हणून सडून राहिलं हे."

कुंताबाई तिच्याशेजारी बसल्या आणि त्यांनी तो ओला भुसा हातात घेतला. त्यांचा चेहरा मला पाहवेना. ज्याला जपलं त्यालाच आपण कुजवलं, हे कळल्यावर माणसाचं काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं.

मधुकरराव माझ्यावर बोटं वाजवून म्हणाले, "वरून पक्का हाय अजून. सडकं कापून टाकतो, पाय आगीवर भाजून घेतो, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावतो. मंग नाही सडत लवकर."

"मेढीले आग दाखवाची?" कुंताबाईंनी मानच हलवली. "नाही, मले नाही जमत."

मेघानं आईचा हात हातात घेतला. "बाळंतिणीले शेक देतेस ना, माय? मले बी देशीलच आता. तसाच याले दे."

कुंताबाई उठल्या आणि त्यांनी स्वतः काड्या गोळा केल्या.

माझा कुजका पाय करवतीनं कापला. मला उन्हात खडखडीत वाळवलं. कुंताबाईंनी मला जाळावर असं फिरवून फिरवून शेकलं, की पाय काळाभोर झाला पण आतलं लाकूड शाबूत राहिलं. ऑइल जिरल्यावर खड्ड्यात सपाट दगड ठेवून त्यावर मला उभं केलं आणि भोवती मुरूम ठोकून भरला. पाणी थांबू नये म्हणून माती बाहेरच्या बाजूला उतरती केली. माझं डोकं तिरपं कापून त्यावर डब्याच्या पत्र्याची टोपीही बसवली. टोपीत मी जरा विनोदी दिसतो, पण पावसाळ्यात कळेल तिची किंमत.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, शेतात माझे भाऊबंद उभे असतील. त्यांच्यावर माया जरूर करा, पण कधीतरी वाकून त्यांचे पायही बघा. ते कोरडे ठेवा. ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला काय हवंय, हे त्यालाच बघून ठरवा.

मेघाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. त्याआधी मेघाला तुमसरच्या दवाखान्यात नेण्यासाठी गाडी यायची होती, ती सकाळ मला विसरता येत नाही. घरात कळा देणाऱ्या लेकीचं कण्हणं ऐकून कुंताबाई क्षणभर बाडीत आल्या. हात रिकामे होते. त्यांनी ते जोडले, पण उभं राहवेना. इतकी वर्षं त्यांनी मला नमस्कार केला होता, माझ्यावर टेकल्या कधी नव्हत्या. त्या दिवशी त्यांनी कपाळ माझ्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी मला धरलं आणि अंगाचा सगळा भार टाकून त्या रडल्या.

मी तसूभरही हललो नाही.