हरतालिकेची फुंक

अश्लेषानं नळीचं प्लास्टिक दातांनी फाडलं, नळी डबीच्या तोंडाला घट्ट बसवली आणि हेमांगीच्या ओठांपुढे धरली.

"आत ओढू नको, बाहेर सोड. लंबी साँस. फुगा फुगवतेस ना, तसं. और... और... बस."

हेमांगी लाल होऊन मटकन खाली बसली. डबी होती साबणाच्या वडीएवढी, काळी, आणि तिची वायर अश्लेषाच्या मोबाइलला जोडलेली. मोबाइलवरची रेघ जरा वेळ आडवी पडून राहिली आणि मग उठली. अशी सरसर उठली की भोवतीच्या बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"सासूबाईंना फोटो पाठव गं याचा," कुणीतरी म्हणालं. "सून खरंच उपाशी आहे म्हणावं."

"त्या म्हणतील, मशीनलाच काहीतरी खाऊ घातलं असेल हिनं."

दौलतगंजात सुधाताईंच्या वरच्या हॉलमध्ये दर वर्षी हरतालिकेला या सगळ्या जमायच्या. चौरंगावर वाळूची पिंड, तिच्यावर पत्रीचा हिरवा डोंगर, आणि भोवती काल रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेतलेल्या पंचवीसेक बायका. एरवी दुपार झाली की कुणाचं डोकं धरायचं, कुणी भिंतीला टेकून डोळे मिटायची. यंदा कुणाला डोकंबिकं काही आठवेना. अश्लेषाची डबी आली होती ना.

तिनं सगळं समजावून सांगितलं होतं, हात हलवत, एका दमात. पोटात काही नसलं की शरीर आपली चरबी जाळायला लागतं. ती जळताना थोडं अ‍ॅसिटोन तयार होतं आणि श्वासातून बाहेर पडतं.

"अ‍ॅसिटोन मतलब ते नेलपॉलिश काढायचं?"

"तेच, काकू. अगदी तेच."

"म्हणजे या घडीला माझी चरबी जळून राहिली आहे? मग मी रोजच हरतालिका धरते, बाई."

डबीच्या आत नखाएवढी चिप होती आणि चिपवर टंगस्टन ऑक्साइडचा थर, डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ. तो थर जमवता जमवता अश्लेषाची तीन वर्षं गेली होती. कधी तो भट्टीतून तडकून यायचा, कधी श्वासातल्या ओलाव्यानंच गोंधळायचा. आता नव्हता गोंधळत. अ‍ॅसिटोनचे कण त्याच्यावर बसले की त्यातून जाणारी वीज बदलायची आणि रेघ उठायची, बस. पुढे कधीतरी हीच डबी डायबेटीसच्या लहान मुलांच्या हातात जाणार होती. हे अ‍ॅसिटोन एकाएकी वाढलं की त्यांच्या जिवावर बेततं, आणि ते कळायला आज त्यांच्या बोटात सुई खुपसावी लागते. सुईच्या जागी एक फुंक. हे सांगताना अश्लेषाचा आवाज दर वेळी थोडा चढायचा.

पण त्याआधी खरोखर उपाशी माणसं हवी होती, आणि एकदम पुष्कळ. हरतालिकेची कल्पना तिचीच. तिच्या थीसिसचे सर आधी हसले होते, मग त्यांनी परवानगी काढून दिली. सकाळी तिनं सगळ्यांच्या सह्या घेतल्या, कागद वाचून दाखवला: कुणाचा आकडा कुणाला कळणार नाही. दुपार होईतो ते कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. बायकाच म्हणाल्या, दाखव ना, मजा येईल. तिनं मोबाइल स्टँडवर लावला, सगळ्यांना दिसेल असा.

आणि ती स्वतःही उपाशी होती. काल रात्रीपासून दर तासाला स्वतःची फुंक घेत होती, रात्रीसुद्धा गजर लावून. तिचीच रेघ सर बंगळुरूच्या परिषदेत सगळ्यांत आधी दाखवणार होते, उद्या सकाळपर्यंतची, अखंड. सकाळीच ती पाठवायची होती.

"विजयाकाकू राहिल्या," हेमांगी म्हणाली.

विजयाबाई पिंडीजवळ बसून वाती वळत होत्या. हरतालिकेची कहाणी त्याच वाचायच्या, आरतीचं ताट त्यांच्याच हातात असायचं, आणि उपास कसा धरायचा हेही त्याच सांगायच्या. मागच्या वर्षी हेमांगीनं चक्कर येते म्हणून दुपारी केळं खाल्लं, तर विजयाबाईंनी सगळ्यांसमोर तिला दहा मिनिटं सुनावलं होतं.

"माझं कशाला गं, म्हातारीचं?"

"काकू, तुमच्याशिवाय ग्राफ अपूर्ण आहे," अश्लेषा त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. "सगळ्यांत वर तुमची रेघ जाणार, बघा तुम्ही."

"जाऊ दे ना."

"काकू, प्लीज. एकदा."

बायकाही मागे लागल्या. विजयाबाईंनी वाती खाली ठेवल्या, पदराला हात पुसले आणि फुंकलं. रेघ आडवीच राहिली.

"हळू फुंकलंत. परत."

परत फुंकलं. रेघ जरा थरथरली आणि निजली. अश्लेषानं नळी बदलली, डबी तपासली, मध्येच स्वतः एक फुंक मारून पाहिली. तिची रेघ ताडकन वर गेली. म्हणजे डबी ठीक होती. तिला हायसं वाटलं, आणि पुढे कितीतरी दिवस तिला याच गोष्टीची लाज वाटणार होती, की त्या क्षणी तिला हायसं वाटलं.

"काकू, एक बार और. जोर से."

विजयाबाईंनी तिसऱ्यांदा फुंकलं. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. रेघ आडवी.

प्रत्येकाच्या शरीराचा वेग वेगळा असतो. कुणाची चरबी लवकर जळायला लागते, कुणाची उशिरा, वय झालं की अजूनच भरवसा नाही. हे अश्लेषाला माहीत होतं. तिनं स्वतःच्या हातानं हे थीसिसमध्ये लिहिलं होतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते खोटंही झालं नसतं.

"मशीन तर बरोबर आहे, काकू," ती म्हणाली. लॅबमध्ये ज्युनियरला विचारतात तसं, सरळ. "आपने कुछ खाया था क्या?"

विजयाबाईंनी नळी तोंडातून काढली, पदराच्या टोकानं पुसली आणि तिच्या हातात परत दिली.

"मग माझ्या केळ्यानं काय घोडं मारलं होतं, काकू?" हेमांगी म्हणाली. गमतीनंच म्हणाली. दोघीतिघी हसल्या, आणि मग हसताहसता थांबल्या.

"ह्यांच्या संध्याकाळच्या गोळीची वेळ झाली," विजयाबाई म्हणाल्या. कुणाकडे बघितलं नाही. जिन्यावर त्यांच्या चपला एकेक पायरी वाजत खाली गेल्या.

नंतर कुणीच फुंकायला पुढे आलं नाही. "माझं राहू दे गं आता," असं जिनं तिनं म्हटलं. एक जण पत्री नीट करू लागली, ती आधीपासूनच नीट होती. स्टँडवरच्या मोबाइलवर विजयाबाईंची आडवी रेघ तशीच होती, पांढऱ्या पडद्यावर निळी. अश्लेषा ती घालवायला गेली तर घामेजलेल्या बोटानं पडदाच सरकेना. शेवटी तिनं मोबाइल पालथा केला.

सुधाताई तिच्याजवळ आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू घालवलंस, तूच आण," त्या हळूच म्हणाल्या. "विजयाताईशिवाय इथे आरती होत नाही."

पाटणकर बाजार उद्याच्या गणपतीनं तुडुंब भरला होता. मखरं, दूर्वा, फुलांच्या टोपल्या, मधूनच टेम्पोचा हॉर्न. डबी नि मोबाइल पिशवीत कोंबून अश्लेषा लोकांच्या खांद्यांना धडकत चालली होती, कान नुसते तापले होते. काय बोलायचं ते जुळवत होती. प्रत्येक वाक्य 'ॲक्चुअली'नं सुरू व्हायचं आणि तिथेच मरायचं. ॲक्चुअली काकू, वय झालं की. ॲक्चुअली सेन्सर अजून. तिच्या मनात कुणीतरी तिलाच फुंक मारायला लावत होतं, परत, अजून एकदा, जोर से.

विजयाबाईंचं घर साडीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्याला. दार नुसतं लोटलेलं होतं.

टेबलापाशी त्यांचे यजमान मुकुंदराव बसले होते. एके काळी कोर्टात त्यांचा आवाज बाहेरच्या चहावाल्यापर्यंत जायचा म्हणे. गेली दोन वर्षं माणसं त्यांना ओळखू येत नव्हती, कधी कधी विजयाबाईसुद्धा. इस्त्रीचा सदरा, नीट पाडलेला भांग. पुढ्यात ताट: पोळी, वरणाची वाटी, भाजी. काहीच मोडलेलं नव्हतं. दोन्ही हात मांडीवर. बाजूला गोळीचं पाकीट आणि पाण्याचा पेला.

"जेवा ना हो," विजयाबाई समोर उभ्या राहून म्हणत होत्या. "माझा उपास आहे आज. तुम्ही जेवा."

"तू जेवलीस?" मुकुंदरावांनी विचारलं.

"उपास आहे म्हटलं ना."

त्यांनी ताट हातानं अलगद पुढे सरकवलं, विजयाबाईंकडे. आणि हात परत मांडीवर ठेवले.

अश्लेषा दारातच थिजली. विजयाबाईंना ती दिसली. त्यांचा चेहरा बदलला नाही.

"ये. चपला काढ."

"काकू, मी सॉरी म्हणायला... म्हणजे असं असतं काकू, प्रत्येकाचं शरीर ना..."

"तुझं यंत्र बरोबर आहे," विजयाबाई म्हणाल्या. "उगाच सारवासारव करू नकोस. सकाळी अर्धी पोळी खाल्ली, दुपारी वरणभात. एक घास मी, एक घास हे. दोन वर्षं असंच चाललंय. मी तोंडात घातल्याशिवाय हे तोंड उघडत नाहीत. एकादशी नाही, चतुर्थी नाही, काही नाही."

"मग तुम्ही सांगायचं ना तिथे सगळ्यांना."

"काय सांगू? ज्यांच्यासाठी उपास धरायचा त्यांच्याचसाठी मोडते, असं?" विजयाबाईंनी गोळीचं पाकीट उचललं, परत ठेवलं. "आणि पोरींना सुनावत बसायची सवय जात नाही. हेमांगीला केळ्यावरून बोलले ती याच ताटावरून उठून गेले होते."

"काकू, आता खा ना तुम्ही. कुणाला कळणार नाही."

विजयाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ नाही, जरासंच. अश्लेषानं मान खाली घातली.

"उद्या सकाळपर्यंत तरी धरते," विजयाबाई म्हणाल्या. "आता तेवढं तरी करू दे मला." त्या वळल्या. "पण उपाशीपोटी यांना गोळी द्यायची नाही म्हणालेत डॉक्टर. वेळ तर टळूनच गेली. मी समोर नसले तर खातील कदाचित."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. खात नव्हतेच ते. अश्लेषा दोन मिनिटं उभी राहिली. मग खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली, पोळीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि त्यांच्या ओठांजवळ नेला.

"काका, खा ना. थोडंसं."

ओठ मिटलेले. त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं, शांतपणे, ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात तसं.

"तू जेवलीस?"

"हो, काका. जेवली मी. पोटभर."

मुकुंदराव तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "नाही जेवलीस."

पिशवीत मोबाइल घरघरला. तास झाला होता, तिच्या फुंकेची वेळ. काल रात्रीपासूनची रेघ, एकही ठिपका न चुकलेली, सरांना सकाळी हवी असलेली. डबी मोबाइलच्या शेजारीच होती, नुसता हात घालायचा होता. तो घरघरत राहिला, आणि मग आपोआप थांबला. मुकुंदरावांची नजर हलली नव्हती. स्वयंपाकघरात भांडं वाजलं नाही, नळ वाजला नाही. विजयाबाई तिथे नुसत्या उभ्या असाव्यात.

अश्लेषानं हातातला घास स्वतःच्या तोंडात घातला. चावला. त्यांना दिसेल असा गिळला.

मुकुंदरावांनी तोंड उघडलं. अगदी लगेच, लहान मुलं उघडतात तसं. तिनं दुसरा घास त्यांना दिला, तिसरा स्वतः घेतला. त्यांचे हात मांडीवरून उठले, एक हात ताटाच्या काठावर येऊन विसावला. कोरडा घसा, त्यात पोळी अडकत होती, तरी ती खात होती.

"वरणात मीठ बघ गं," आतून विजयाबाईंचा आवाज आला. किंचित घोगरा. "हे आत्ताचं मी चाखलेलं नाही."

वरण साफ आळणी होतं. मीठ घालायचंच राहून गेलं होतं.

"बरोबर आहे, काकू," अश्लेषा म्हणाली, आणि काकांसाठी पुढचा घास मोडला.