उलटेसरांचं वाक्य

"बाबा रोज येतात आणि कधीच येत नाहीत," मुख्याध्यापिका माइकवर म्हणाल्या आणि टाळ्यांसाठी थांबल्या. टाळ्या पडल्याही. "इनमीन सात शब्द! पण आमच्या सरांनी त्यात अख्खं घर उभं केलंय. असं वाक्य लिहिणारा माणूस आज आपल्या शाळेतून निवृत्त होतोय."

सरांनी सवयीने मान खाली घातली. गेली बावीस वर्षं कुणी ना कुणी हे वाक्य त्यांच्या नावावर सांगत आलं होतं आणि ते अशीच मान खाली घालत आले होते. लोकांना तो विनय वाटायचा. आज मात्र मान वर करताना त्यांची नजर तिसऱ्या रांगेत गेली आणि तिथेच अडकली. आठवीतल्या एका मुलीशेजारी तिची आई बसली होती. मुलगी यंदाच शाळेत आलेली, पालकसभांना तिचे वडील यायचे, त्यामुळे आई कोण ते सरांना आजवर कळलं नव्हतं. डाव्या भुवईवरची ती जुनी खूण, ऐकताना ओठ घट्ट मिटून घ्यायची ती लकब. चुकायला जागाच नव्हती. वाक्य तिचं होतं. तेराव्या वर्षी, याच शाळेत, तिने ते लिहिलं होतं.

आता हे घडलं कसं, ते सांगायला हवं. मुलं सरांना उलटेसर म्हणायची. विरोधाभास अलंकार शिकवायला लागले की सरांच्या अंगातच यायचं. घरातून निघताना आपण 'येतो' म्हणतो, कुणाची शांतता कानठळ्या बसवते, कुणी जिवंतपणी मेलेला असतो. हे असं का बोलतो आपण, असं ते वर्गाला विचारायचे आणि उत्तरही स्वतःच द्यायचे. एका शब्दाने भागत नाही, तेव्हा माणूस दोन शब्दांची झुंज लावतो. अर्थ या शब्दात नसतो, त्याही शब्दात नसतो. दोघांच्या भांडणात असतो. मुलांच्या निबंधात असं काही सापडलं की सर ते चिठोऱ्यावर उतरवून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकत. डबा भरत चालला होता आणि त्यातून एखादं पुस्तक होईल, अशी त्यांना उमेद होती.

'माझे वडील' या निबंधांच्या गठ्ठ्यात त्यांना ते वाक्य मिळालं, तेव्हा सर हरखून गेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं, तिला उभं केलं आणि म्हणाले, सांग बघू, काय म्हणायचंय तुला? ती बाकाची कड धरून उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. सरांना घाई होती, तासाची दहाच मिनिटं उरली होती. "अगं, येतात की येत नाहीत? एक काय ते ठरव बाई!" असं ते म्हणाले. वर्ग खो खो हसला. ती खाली बसली. सरांनी फळ्यावर वाक्य लिहून त्यातल्या अलंकाराची अशी काही फोड करून दाखवली की घंटा झाली तरी कुणी उठेना. तिला दहापैकी नऊ गुण मिळाले.

पुढच्या वर्षी ती शाळा सोडून गेली आणि सरांचं अलंकारांचं पुस्तक छापून आलं. कच्च्या प्रतीत वाक्याखाली 'एका विद्यार्थिनीच्या निबंधातून' अशी ओळ होती. छापखान्याने जागा पुरत नाही म्हणून ती उडवली. ठीक आहे, ती चूक छापखान्याची. पण मग शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणालं, काय वाक्य लिहिलंयत सर! आणि सर हसले. नुसते हसले, दुसरं काही नाही. पुस्तकाच्या पुढे सहा आवृत्त्या निघाल्या, सहाही वेळा ती ओळ परत घालता आली असती. सरांनी मुद्रितं तपासताना स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही. ती ओळ तेवढी सोडली.

आता बोलायची पाळी त्यांची होती. माइकपाशी जाईपर्यंत त्यांनी ठरवलं होतं, सांगून टाकायचं. शेवटचा दिवस आहे, कोण काय वाकडं करणार आहे? पण समोर दोनशे माणसं कौतुकाने बघत होती, आणि पहिल्या रांगेत बायको बसली होती. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. एक जुना विनोद सांगितला. लोक हसले. सर खुर्चीवर येऊन बसले तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि हेसुद्धा आपण विरोधाभासाचं उदाहरण म्हणून शिकवत होतो, हे आठवून स्वतःचीच किळस आली.

चहाची सोय शेजारच्या वर्गात होती. सर पळवाट शोधत खिडकीकडे सरकले, तर ती पोरगी पुढ्यात हजर. हातात तेच पुस्तक, तेच पान उघडलेलं. इथे, या वाक्याखाली सही हवी, असं तिचं म्हणणं होतं. आई दोन पावलं मागे उभी होती. सरांनी पेन काढलं, पण हात पुढे जाईना. ते आईकडे बघत राहिले. मुलीला काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सरांचा घसा बसलाय, त्यांना पाणी आण जा," आई म्हणाली. मुलगी गेली.

सर बोलू लागले ते एका दमात. वाक्य तुझं आहे, मी ते लाटलं, आत्ता माइकवर सांगणार होतो, धीर झाला नाही, पण अजूनही सांगतो, मुख्याध्यापिकांना सांगतो, पुस्तकवाल्यांना पत्र लिहितो. ती ऐकून घेत होती.

"वाक्याचं काय घेऊन बसलात सर," ती म्हणाली. आवाज साधाच होता, बाजारात भेटल्यावर बोलतात तसा. "आईने बाबांना घराबाहेर काढलं होतं. ते रोज संध्याकाळी फाटकापर्यंत यायचे. पाच-दहा मिनिटं उभे राहायचे आणि तिथूनच परत जायचे. मी खिडकीतून बघायचे. जे दिसायचं तेच लिहिलं हो मी. मला कुठला अलंकार येत होता?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं.

"तुम्ही वर्गात उभं केलंत ना, तेव्हा आधी बरं वाटलं होतं मला. वाटलं, सरांना कळलं. म्हटलं सांगावं. दुसरं कुणी विचारलंच नव्हतं."

"मग?"

"मग वर्ग हसला. तुम्हीपण हसलात."

बावीस वर्षं सर चोरीच्या विचाराने ओशाळत होते. चोरी किरकोळ होती, हे त्यांना आज कळलं. एका पोरीने तोंड उघडलं होतं आणि त्यांनी तिला अर्ध्या मिनिटाचीसुद्धा सवड दिली नव्हती. ते म्हणाले, निदान लेकीला तरी सांगू दे मला.

"नको. तिला ते वाक्य फार आवडतं, सारखी म्हणत असते. माझं आहे म्हटलं की आजोबा कुठे गेले तेही सांगावं लागेल. ते शेवटी शेवटी फाटकापर्यंतही येईनासे झाले." तिने पेनाकडे बोट केलं. "करा तुम्ही सही."

मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन आली. सरांनी एका हातात ग्लास घेतला, दुसऱ्या हातात पेन होतंच.

"सर, हे वाक्य कसं सुचलं हो तुम्हाला?"

सरांनी तिच्या आईकडे बघायचं टाळलं. "मला नाही सुचलं, बाळ. एका मुलीने लिहिलं होतं."

"हो? कोण होती ती? असं का लिहिलं तिने?"

"विचारलं नाही मी."

मुलगी पुस्तकाकडे बघत राहिली. मग पुस्तक मिटून तिने मुखपृष्ठ पाहिलं, जिथे सरांचं नाव ठळक अक्षरात छापलेलं होतं, आणि मान वर करून अगदी मनापासून विचारलं, "मग तिचं नाव का नाही घातलं?"

खोलीत कप वाजत होते, कुणीतरी सरांना लांबून हाक मारत होतं. सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं.

आईने पुढे होऊन मुलीच्या हातातलं पुस्तक घेतलं. "चल गं, सरांना उशीर होतोय," ती म्हणाली. मग सरांच्या बोटांतून पेन अलगद सोडवून घेतलं, त्याला टोपण लावलं आणि त्यांच्या खिशाला अडकवून दिलं.