फरजच्या बंदुकीचा बोल्ट

मंदनी बंदूक घेऊन दुकानात आला तेव्हा मी सकाळचा दुसरा चहा ओतत होतो. त्याच्या मुलीचं, गुलअंदामचं, लग्न नऊ दिवसांवर आलं होतं. आम्हा बख्तियारी भटक्या टोळीवाल्यांत वरात निघताना बार उडाला नाही, तर बायका वर्षभर त्या घराला नावं ठेवतात.

"उस्ताद, हिला जरा आंघोळ घाला," फळीवर बंदूक ठेवत तो म्हणाला. "बाबांची आहे. जपून."

"तू मला जपायला शिकवणार?"

बंदूक ब्रनो बनावटीची होती, इराणच्या जुन्या शहाच्या फौजेने कधीकाळी मोडीत काढलेली. मंदनीच्या बापाने अशा दोन मिळवून दोन मुलांना एकेक दिली होती. धाकट्या फरजशी मंदनी अकरा वर्षं बोलत नव्हता, हे सगळ्या इझे गावाला ठाऊक होतं. बाप आजारी पडला तेव्हा त्याला घरीच ठेवायचं असं मंदनीचं म्हणणं होतं. फरजने ऐकलं नाही. त्याने बापाला उचलून अहवाज शहरातल्या इस्पितळात नेलं, आणि चौथ्या दिवशी म्हातारा तिथेच गेला. दफनाच्या वेळी मंदनी चारचौघांत भावाला म्हणाला, "तू बाबांना परक्यांत नेऊन मारलंस." ते शेवटचं बोलणं.

मी बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा खिट्टा, मागे ओढून बाहेर काढला. काडतुसाचं घर रिकामं आहे ना, ते डोळ्यांनी पाहिलं, मग करंगळी घालूनही पाहिलं. डोळे फसवतात, बोट नाही फसवत. गजाला रॉकेलची चिंधी गुंडाळून नळीतून फिरवली. पहिल्या चार चिंध्या डांबरासारख्या काळ्या निघाल्या, सातवी जवळजवळ पांढरी. नळी दाराच्या उजेडाकडे धरली. आतले, गोळीला फिरवणारे पीळ चांगले होते.

मग बोल्ट पुसायला घेतला. वंगणाचा थर निघाला तसे त्याच्या दांड्यावरचे फारसी आकडे दिसू लागले. चार हजार नऊशे दोन. बंदुकीच्या अंगावर होतं, चार हजार चारशे सतरा.

"मंदनी, हा बोल्ट या बंदुकीचा नाही."

"चष्मा बदला उस्ताद. पंधरा वर्षं याच बोल्टने बार काढतोय."

"तेच म्हणतोय. अजून तुझं तोंड जागेवर कसं राहिलं?"

माझ्याकडे पोलादाचा एक मापाचा ठोकळा आहे, काडतुसाच्या आकाराचा, पण केसभर लांब. तो आत असताना बोल्ट बंद होता कामा नये. मी ठोकळा आत सारला आणि दांडा एका बोटाने दाबला. बोल्ट लोण्यात सुरी शिरावी तसा बंद झाला. म्हणजे काडतुसाच्या मागे मोकळी जागा राहत होती. बार उडाला की पितळ मागे ताणलं जाणार, आणि एक दिवस फाटून सगळी आग मागे, तोंडावर येणार.

मंदनीला पटेना. त्याच्या बंडीच्या खिशात मागच्या वेळच्या काडतुसाचं एक रिकामं पुंगळं होतं. मी ते मागून घेतलं. बुडाच्या जरा वर एक चकचकीत रेघ गोल फिरली होती. वाकवलेली तार आत घालून फिरवली, तर ती त्याच रेघेपाशी अडकली.

"हे बघ. इथे पितळ कागदाइतकं उरलंय. पुढचं कदाचित फाटलं असतं."

त्याने ते पुंगळं बोटांत फिरवून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बहिणीच्या लग्नात. आम्ही दोघांनी एकाच घमेल्यात रॉकेल ओतून दोन्ही बंदुका धुतल्या होत्या. गप्पा चालल्या होत्या."  त्याचा चेहरा एकदम उतरला. "उस्ताद, मग माझा बोल्ट त्याच्याकडे आहे."

"असणारच."

"आज शुक्रवार. त्याच्या मेहुण्याच्या पोराचं लग्न आहे आज. तो बार काढणार."

नंबर त्याला तोंडपाठ होता. तीनदा लावला, कोणी उचलला नाही. ढोलाच्या आवाजात कुणाला फोन ऐकू येणार? मी ठोकळा खिशात टाकला, मंदनीची बंदूक आणि बोल्ट उचलला आणि दुकानाला कुलूप लावलं. त्याच्या पिकअपमधून आम्ही निघालो. चाळीस मिनिटांच्या घाटात तो एवढंच म्हणाला, "चालवतोय ना मी नीट?" चालवत नव्हता.

मेहुण्याच्या गावात पोचलो तेव्हा अंगणात बायका रुमाल हलवत गोल नाचत होत्या. पलीकडे भिंतीपाशी फरज उभा होता. जाड झाला होता, केस पिकले होते. बंदूक हातात, काडतूस घातलेलं, आणि बोल्टवर तो तळहाताने तडाखे मारत होता. मंदनीकडे सैल, तर इथे बोल्ट घट्ट; पुरता बसत नव्हता, आणि तसाच बार उडाला असता तर मागे तोंडावर आला असता.

मंदनी नाचणाऱ्यांच्या मधून सरळ चालत गेला आणि त्याचं मनगट धरलं.

फरजने वळून पाहिलं. सनई तेवढी वाजत राहिली.

"अकरा वर्षांनी आलास," फरज म्हणाला, "तो माझा बार अडवायला?"

"आधी काडतूस काढ."

"मेहुण्यासमोर माझी शोभा करतोस, दादा?"

"शोभा होऊ दे. काढ म्हणतो ना!"

शेवटी मीच पुढे होऊन नळी डोंगराकडे वळवली आणि काडतूस बाहेर काढलं. पिकअपच्या मागच्या फळीवर दोन्ही बंदुका ठेवल्या आणि बोल्ट बदलले. मंदनीच्या बंदुकीने आता ठोकळा नाकारला. दांडा अर्ध्यावरच थांबला, थांबायला हवा तिथे. फरजच्या बंदुकीचं मात्र नशीब खोटं. बोल्ट नीट बसला, पण नळीवरून बोट फिरवताना मधेच एक फुगवटा लागला; कधीतरी नळीत काही अडकलेलं असताना बार निघाला असावा.

"ही आता भिंतीवर," मी म्हणालो. "हिच्यातून बार नाही."

फरज हिरमुसून पिकअपच्या कडेला बसला. मंदनी त्याच्या शेजारी बसला. मी चिंध्या गोळा करायला लागलो, कारण निघून जाणंही बरं दिसेना.

"तिकडे," मंदनीने विचारलं, "अहवाजला. बाबा काही बोलले?"

"शेवटी भ्रम झाला होता. विचारत होते, खिंडीतला बर्फ वितळला का, कळप हलवायचा का. मी म्हटलं, हो बाबा, तंबू बांधतोय." फरजने नाक पुसलं. "मग म्हणाले, मंदनीला सांग आधी खेचरांचे नाल बघ. तो नेहमी विसरतो."

मंदनी हसला. हसता हसता त्याचा आवाज फुटला. त्याने भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. "मला हे कोणी सांगितलं नाही रे," तो म्हणाला.

"तू ऐकायला थांबलास कुठे?"

 आतून कोणीतरी भात आणि ताक घेऊन आलं, आणि मेहुण्याने आम्हा तिघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

गुलअंदामच्या लग्नाला फरज बायकोपोरांसह आला, बंदूक घरी भिंतीवरच ठेवून. मंदनीने डोंगराकडे तोंड करून दोन बार काढले आणि बंदूक भावाकडे दिली. तिसरा फरजने काढला. तिन्ही पुंगळी मी तिथेच उचलून पाहिली, एकावरही रेघ नव्हती. गुलअंदामची आई मात्र फरजशी अजून मोजकंच बोलते. अकरा वर्षं नवऱ्याचा राग तिनेही सांभाळला होता, तिला वेळ लागेल.