सातवी ब : हवा व उजेड पुरेसा

सोमवारी दुसऱ्या तासाला सातवी ‘ब’मधली हवा खाली बसायला लागली. मी फळ्यावर लसावि काढत होते. खडू धरलेला हात वर नेला तर तो कोमट कशात तरी रुतला. वर पाहिलं तर छतापासून फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत राखाडी थर जमला होता आणि त्याची खालची बाजू सारवलेल्या जमिनीइतकी सपाट होती. बोट लावलं की ठसा उमटत होता. जूनपासून अठ्ठेचाळीस मुलांनी सोडलेला श्वास तो. दाराचा उंबरा तो ओलांडत नव्हता आणि बाहेर जायला दुसरी वाट नव्हती म्हणून वर साठत गेला, आणि वर जागा उरली नाही तेव्हा खाली यायला लागला. यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

वर्गाला एकच खिडकी आहे. मोठी, दोन लाकडी झडपांची. मे महिन्यात शाळेच्या भिंती बोलक्या करायचं ठरलं तेव्हा त्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा मीच काढला. भिंत अपुरी पडत होती, म्हणून खिडकी लावून घेतली आणि नकाशा झडपांवरून पुढे नेला. डाव्या झडपेवर आमचा तालुका आला, उजव्या झडपेवर पलीकडचा, आणि दोन झडपांमधल्या फटीवरून मी नदी नेली. ऑइलपेंटचे तीन हात दिले. झडपा आणि चौकट एकजीव झाली. आमचे मुख्याध्यापक नलवडे सर जूनमध्ये परिपाठाला म्हणाले की इंगवले मॅडमच्या हातात कला आहे, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मी चांगली फुगले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी दुसऱ्यांवर बरीच चिडणार आहे.

खिडकी एकदा उघडून झाली होती. जुलैत उकाड्याने दोन मुलींना चक्कर आली तेव्हा आमचे शिपाई कृष्णातमामा यांनी फटीत पटाशी घालून झडप दोन बोटं सरकवली. त्याच मिनिटाला नदीवरचा पूल मधोमध दोन हात सुटला. पलीकडून आलेली एसटी काठावर थांबली आणि माणसं पिशव्या छातीशी धरून उड्या मारत अलीकडे आली. सरांनी झडप दाबून बसवली आणि वरून रंगाचा आणखी एक हात दिला, तेव्हा पूल जुळला. त्या दिवसापासून खिडकीला कोणी हात लावायचा नाही असा नियम आहे.

मधल्या सुट्टीत मी सरांकडे गेले.

“सर, सातवी ब ची खिडकी उघडावी लागेल. हवा खाली येतेय.”

“शुक्रवारी समिती येतेय,” सर म्हणाले.

“तोपर्यंत ती मुलांच्या डोक्याला लागेल.”

“चार दिवसांचा प्रश्न आहे, मॅडम. जरा ॲडजस्ट करा. आणि हे बघून घ्या.”

आदर्श वर्ग स्पर्धेचा तक्ता होता. सातव्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वर्गात हवा व उजेड पुरेसा आहे काय?’ त्यापुढे ‘होय’वर बरोबरची खूण आधीच झालेली होती. खाली वर्गशिक्षकाची सही हवी होती. मी पेन मागितलं आणि सही केली. का केली ते मला विचारू नका, मी स्वतःला विचारून थकले आहे.

मंगळवारी थर उभ्या मुलांच्या डोक्यांपर्यंत उतरला. वर्गात सगळ्यांत उंच प्रणित. मी त्याला आठाचा पाढा म्हणायला उभं केलं आणि त्याचं डोकं कानापर्यंत आत गेलं. आठ चोक बत्तीसला आवाज थांबला. त्याला खाली ओढलं तर चेहरा धुतलेल्या पाटीसारखा कोरा होता. नाव विचारलं तर म्हणाला, “कुणाचं?” दुपारपर्यंत त्याला नाव आठवलं, आडनाव अजून आठवलेलं नाही. आम्ही बाक व्हरांड्यात काढले आणि मुलं फरशीवर बसली.

बुधवारी बसूनही भागेना, म्हणून सगळी उताणी झोपली. मीही झोपले आणि झोपूनच शिकवलं. थराच्या खालच्या बाजूवर बोटाने लिहिता येत होतं. एकेका मुलाच्या तोंडावर त्याचं त्याचं गणित. सर रांगत दारापर्यंत आले, मान आत घालून बघत राहिले.

“किती शांत वर्ग आहे,” ते म्हणाले. “बाकीच्यांनी शिकलं पाहिजे.”

शांत नव्हता. खिडकीकडच्या कोपऱ्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता आणि तो सरांनाही ऐकू येत होता. ती मिनाज मुजावर, रोल नंबर एकतीस. तिला दमा आहे. ती आडवी झाली की छाती भरते, म्हणून ती एकटीच बसली होती. पाठ वाकवून, हनुवटी गुडघ्यांवर दाबून, वेण्या पुढे घेऊन, थराला टेकायचं नाही एवढ्यासाठी अंग चोरून. चांगली हवा तिला हवी होती सगळ्यांपेक्षा जास्त, आणि चांगली हवा उरली होती फरशीलगत.

दुपारी तिची आई आली. जैनब मुजावर शिलाईकाम करतात, गळ्यातली टेप तशीच होती. हातात मिनाजचा पंप होता.

“बाई, तिला निजवू नका बरं. आडवी झाली की छाती वाजती तिची. घरात उश्या लावून बसवूनच झोपवतो आम्ही.”

“मग दोन दिवस घरी ठेवा,” मी म्हणाले. माझ्याच तोंडून निघालेलं ते वाक्य मला ऐकवेना.

“ठिवलं असतं की. ऐकती व्हय? शंभर टक्के हजेरी हाय म्हणती माझी, बाईंनी नाव फळ्यावर लिवलंय.” त्यांनी वाकून आत पाहिलं. “खिडकी हाय की एवढी मोठी. उघडत का न्हाई?”

“शुक्रवारी समिती आहे.”

“मंग समितीलाच निजवा की आत,” त्या म्हणाल्या आणि पंप माझ्या हातात ठेवून गेल्या.

गुरुवारी थर फरशीपासून दीड हातावर आला. मिनाज आता कुशीवर वळून कोपरावर रेलली होती, ना धड बसलेली ना धड झोपलेली. खालची हवा अठ्ठेचाळीस जणांना एकदम पुरेना. मला वाटलं, आता तरी. सरांनी दुपारपर्यंत वेळापत्रक करून आणलं. श्वासाचं वेळापत्रक, आखीव, शिक्का मारलेलं. आधी विषम क्रमांकांनी घ्यायचा आणि सम क्रमांकांनी धरून ठेवायचा असं होतं, पण ते जमेना, म्हणून मग हजेरीच्या क्रमाने एकेकाने. कृष्णातमामा व्हरांड्यात घंटेशी बसले. एक टोला, एक नंबर, एक श्वास.

“सर, मिनाज एकतिसावी आहे,” मी म्हणाले. “तिला तेवढं थांबता येणार नाही. तिला आधी घेऊ द्या.”

“एकीला दिलं की सगळे मागतील. क्रम म्हणजे क्रम.”

“श्वास आहे तो, सर. खाऊ नाही वाटायला.”

“मॅडम, आवाज चढवू नका. तुम्ही बोलता त्यातही हवा जाते.”

मुलं एका तासात शिकली. लसावि महिनाभर डोक्यात शिरत नव्हता, हे मात्र एका तासात. कोणी ढकलाढकली केली नाही, कोणी दुसऱ्याच्या टोल्यावर घेतला नाही. इतकी शहाणी पोरं मी तेवीस वर्षांत पाहिली नव्हती आणि त्या शहाणपणाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी आरडाओरडा करावा, दारावर लाथा माराव्यात, माझ्या वेणीला धरून मला खिडकीशी न्यावं असं मला वाटत होतं. मिनाजचे ओठ जांभळे पडले होते आणि ती बोटांवर टोले मोजत होती. मी हळूच पंप पुढे केला. तिने मान हलवली. तिचा नंबर आला नव्हता.

“बघितलंत?” सर दारातून म्हणाले. “शिस्त असली की हवा पुरते.”

शुक्रवारी समिती आली. तिघं होते, दोन साहेब आणि एक बाई. बाई समितीच्या अध्यक्ष, साडी इस्त्रीची, हातात तक्ता. थर तेव्हा एक हातावर होता. सरांनी उंबऱ्याशी सतरंजी अंथरली आणि तिघंही त्यावर पालथे झोपून आत बघायला लागले. व्हरांड्यातली हवा स्वच्छ होती, त्यांना काही त्रास नव्हता.

“हवा?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“पुरेशी,” सर म्हणाले. “वर्गशिक्षिकेची सही आहे.”

“नकाशा सुरेख आहे. कोणी काढला?”

“या आमच्या इंगवले मॅडम.”

“छान. नदी फार छान उतरलीय.” त्यांनी खूण केली. मग त्या थांबल्या. “हा आवाज कसला?”

बाहेर अठराचा टोला पडला.

“पक्षी असेल, मॅडम,” सर म्हणाले. “आमच्याकडे झाडं पुष्कळ आहेत.”

“मिनाज मुजावर आहे ती,” मी फरशीवरून म्हणाले. “एकतीस नंबर. पक्षी नाही.”

अध्यक्षबाईंनी तक्त्यात बघितलं. एकतीस नंबरसाठी वेगळा रकाना नव्हता.

मी मिनाजच्या दप्तरातून कंपासपेटी काढली, कर्कटक घेतलं आणि उभी राहिले.

थराच्या आत अंधार नव्हता, नुसतं राखाडी होतं, आणि जूनपासून बोललेलं सगळं तिथेच पडून होतं. “बाई, गरम होतंय.” “बाई, डोकं दुखतंय.” “बाई, खिडकी उघडा ना.” प्रत्येकामागे माझा आवाज होता. गप्प बस. पुढच्या आठवड्यात बघू. तुम्हालाच बरं गरम होतं, बाकीचे बसलेत ना. मी श्वास धरला होता तरी कानांतून ते आत शिरत गेलं. शाळेचं नाव गेलं. नवऱ्याचं नाव गेलं, मग माझं. राग तेवढा गेला नाही, आणि राग होता म्हणून खिडकी कुठे आहे ते आठवत राहिलं. हात लावत लावत नकाशा सापडला. बोटांना माझीच नदी लागली, चार हात रंगाने फुगलेली.

कर्कटकाचं टोक मी नदीच्या उगमात खुपसलं आणि खाली चौकटीपर्यंत ओढलं. रंग सालासारखा सुटला. मग खांदा लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा झडप वीतभर उघडली आणि लांब कुठेतरी एसटीचा करकचून ब्रेक लागला.

“पूल, मॅडम, पूल,” सर सतरंजीवरून ओरडले.

“जाऊ दे पूल,” मी म्हणाले.

फटीतून ओल्या मातीचा वास आला. हवा मात्र आत शिरेना, थराने तिला चौकटीतच अडवून धरलं होतं. वीतभर फटीपाशी एकदोन तोंडांपुरती जागा झाली होती. मी वाकले, मिनाजला काखेत हात घालून उचललं आणि तिचं तोंड फटीला लावलं. तिचं अंग कापडाच्या घडीइतकं हलकं झालं होतं. शिट्टी थांबली होती.

“घे,” मी म्हणाले. “मिनाज, घे.”

तिने डोळे उघडले. माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. फटीतून आलेल्या उजेडात मीही बघितलं. मुलं उठून थरात उभी राहिली होती आणि खिडकीपर्यंत त्यांची रांग लागली होती. पाढे विसरली असतील, नावं विसरली असतील, पण हजेरीचा क्रम कोणी विसरलं नव्हतं. कृष्णातमामांना खिडकी उघडल्याचं कोणी सांगितलं नसावं. एकोणीसचा टोला पडला. पवन रेडेकर पुढे आला, आमच्या शेजारून मान घालून त्याने एक श्वास घेतला आणि बाजूला झाला.

“अगं, घे म्हणते ना. मी सांगते तुला.”

मिनाजने मला तीन बोटं दाखवली. मग एक दाखवलं.

विसाचा टोला पडला. मी तिचे ओठ बोटांनी उघडायला गेले. तिने ते घट्ट मिटून घेतले होते.