एक तांब्या निवळी

नरहर देशकरांनी चौतीस वर्षं कारखान्याच्या पाण्यातून चुना बाहेर काढला. बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात क्षार राहिला की नळ्यांना पापुद्रा धरतो आणि पापुद्रा धरला की नळी फुटते, एवढ्यावर त्यांचं सगळं तत्त्वज्ञान उभं होतं. घरातही तेच. चहाच्या पातेल्याच्या बुडाशी पांढरं दिसलं की वैजयंतीला असं काही ऐकून घ्यावं लागे, की जणू तिनंच तो पापुद्रा माहेरून आणला होता.

अशा माणसाच्या क्वार्टरमध्ये समुद्र आला. मुलगा हेमंत मुंबईहून दोन वर्षांसाठी दोह्याला निघाला आणि त्याची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी कुठं ठेवायची हा प्रश्न आला. "बाबा, पाण्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?" असं म्हणून त्यानं दोनशे लिटरची ती टाकी, थर्मोकोलच्या डब्यांतून प्रवाळ आणि दोन नारिंगी मासे भोपाळला पाठवून दिले. टाउनशिपमधली माणसं आठवडाभर "देशकर साब के यहाँ समंदर आया है" म्हणत चपला दाराबाहेर काढून बघायला येत होती.

त्याच उन्हाळ्यात कारखान्यात पाणी तपासायची नवी यंत्रं बसली. निवृत्तीला वर्ष उरलेल्या नरहररावांना, मान राखून, टेक्निकल लायब्ररीत बसवलं. तिथं एक पंखा, चार कपाटं आणि जुने कॅटलॉग. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बूट काढले आणि ते हातात धरून तसेच बसून राहिले. वैजयंतीनं चहा दिला, तो थंड झाला. लग्नाच्या इतक्या वर्षांत नवऱ्याची इतकी दया तिला कधी आली नव्हती, आणि दया आल्याचा रागही आला होता.

मग टाकी हीच त्यांची प्रयोगशाळा झाली. त्यांनी कारखान्यासारखी जाड पुठ्ठ्याची नोंदवही घातली. वेळ, तापमान, खारेपणा, कॅल्शियम, केएच, किती औषध घातलं, शेरा, आणि शेवटचा रकाना 'केमिस्ट', सहीसाठी. केएच म्हणजे पाण्यातली अशी ताकद, जिच्यातून प्रवाळ आपलं हाड बांधतो, असं त्यांनी वैजयंतीला एकदा समजावलं होतं. सहीचा नियम कडक. ज्याच्या हातानं पाण्यात औषध पडलं, सही त्याची. एका ऑपरेटरनं दुसऱ्याच्या नावावर सही ठोकली म्हणून त्यांनी एकदा आख्खी शिफ्ट बसवून ठेवली होती.

नियम चोख, वही चोख, पण प्रवाळ काही खूश नव्हते. पुस्तक म्हणायचं, एक चमचा पावडर घाला. नरहरराव अर्धा घेत, मग सेफ्टी म्हणून त्यातलाही अर्धा परत बाटलीत टाकत. चौतीस वर्षं जो हात पाण्यातून चुना काढत आला, तो पाण्यात चुना घालायला धजत नव्हता. हे त्यांना कळत नव्हतं. वैजयंतीला स्वयंपाकघरातून स्पष्ट दिसत होतं, कारण मीठ टाकताना बिचकणाऱ्या सुना तिनं पाहिल्या होत्या. रोज सकाळी परीक्षानळीत थेंब मोजत नरहरराव म्हणायचे, "सहा पॉइंट एक." आठ हवे होते. गुलाबी प्रवाळ कडेनं पांढरा पडू लागला होता. ही टाकीसुद्धा हातातून गेली तर हा माणूस पुन्हा बूट हातात धरून बसेल, आणि या वेळी उठणार नाही, अशी धास्ती तिनं घेतली.

नवरात्रात नागपूरच्या लेकीसाठी, सुचेतासाठी, तिनं पेठा करायला घेतला. सुचेताला दिवस गेलेले. कोहळ्याच्या फोडी कडक व्हायला चुन्याच्या निवळीत भिजवतात, म्हणून तिनं पानवाल्याकडून खायचा चुना आणून पातेलंभर पाण्यात कालवला आणि वर आलेल्या नितळ पाण्यात फोडी सोडल्या. संध्याकाळी नरहरराव टाकीपाशी बसून ओरडले, "अगं, फिल्टरचं पाणी दे तांब्याभर." तिनं घाईत, न बघताच तांब्या बुडवून दिला. त्यांनी तो टाकीच्या मागच्या कप्प्यात हळूहळू ओतला. अर्ध्या तासानं फोडी निम्म्या उघड्या पडलेल्या पाहून तिच्या लक्षात आलं की तांब्या कोणत्या पातेल्यात बुडला होता.

ती रात्रभर देवाकडे माशांचा जीव मागत होती. सकाळी मासे ठणठणीत होते. नरहररावांनी थेंब मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाले, "सहा पॉइंट पाच." मग चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं. "काल मी पावडरीचं प्रमाण जरा बदललं होतं. लागू पडलं बघ."

वैजयंती तोंडात पदर धरून आत गेली.

त्या दिवसापासून तिचं कारस्थान सुरू झालं. नरहरराव आठला स्कूटरवरून गेले की ती पायलीच्या डब्यातली नितळ निवळी स्टीलच्या तांब्यात घ्यायची आणि बारीक धारेनं मागच्या कप्प्यात सोडायची. तांब्याचं भांडं टाकीच्या आसपासही फिरकू द्यायचं नाही, त्यानं प्रवाळ मरतात, हे व्याख्यान तिनं इतकं ऐकलं होतं, की नवऱ्याच्याच शिकवणुकीनं ती त्याला फसवत होती. दिवाळीपर्यंत केएच आठावर आला. गुलाबी प्रवाळानं फुलून बोटं बाहेर काढली. नरहरराव रोज संध्याकाळी सोनाराच्या काट्यावर पावडर तोलत आणि वहीत काहीतरी लिहीत. वही त्यांची, तिनं कधी उघडली नाही.

अडचण एकच आली. दर आठवड्याला चुन्याची पुडी नेणारी बाई पाहून पानवाल्यानं विचारलं, "भाभीजी, तंबाकू भी दूँ?" पंधरा दिवसांत टाउनशिपभर झालं की देशकरबाई तंबाखू मळतात. शेजारच्या प्रमिलाबाईंनी तर हळदीकुंकवाला तिला मुद्दाम हसायला लावून दात बघितले. वैजयंतीनं तेही सोसलं.

डिसेंबरात एका रविवारी गजानन आला. पाण्याच्या प्लांटवर नरहररावांच्या हाताखाली होता, आता तीच नवी यंत्रं सांभाळत होता. जन्म भोपाळचा, मराठी त्याची अशीतशीच. टाकीपुढं उकिडवा बसून तो म्हणाला, "सर, गजब आहे. आमच्या मशीनपण एवढं स्टेडी रीडिंग नाही देत. फॉर्म्युला लिहून द्या ना एक बार."

वैजयंतीनं घाईनं चहाचा ट्रे मध्ये आणून ठेवला. नरहरराव शांतपणे म्हणाले, "तो फॉर्म्युला घरचा आहे. बाहेर द्यायचा नाही."

किती तो तोरा, असं मनात म्हणत तिनं बिस्किटं पुढं केली. पण त्यांच्या आवाजात लायब्ररीत जायच्या आधीचा जोर परत आला होता. तो ऐकून तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

जानेवारीत सुचेताचं बाळंतपण. सव्वा महिना नागपूरला राहणं भाग होतं. निवळी कोण घालणार? खरं सांगितलं तर टाकी वाचेल, माणूस खचेल. न सांगितलं तर माणूस टाकीसकट खचेल. दोन दिवस विचार करून तिनं देवाला मध्ये घातलं.

"अहो, मी भोजपूरच्या महादेवाला बोलले आहे," ती म्हणाली. "सुचेतासाठी. सव्वा महिन्याचं व्रत आहे, पण मी तर नागपूरला. तुम्हाला करावं लागेल."

नरहरराव व्रतांना हसणारे. सोमवारी मुद्दाम भजी मागणारे. पण नाव लेकीचं होतं. "काय करायचंय?" त्यांनी विचारलं.

"या डब्यातलं पाणी रोज एक तांब्या समुद्राला वाहायचं. टाकीत म्हणजे समुद्रालाच की. स्टीलचाच तांब्या. मागच्या कप्प्यात, अगदी बारीक धार. वरचं नितळ तेवढंच घ्यायचं, खाली पांढरं बसलंय ते ढवळायचं नाही. डब्यावर झाकण हवं, हवा लागता कामा नये. आणि डोळ्यांत उडू द्यायचं नाही."

"डोळ्यांत उडालं तर महादेव कोपतो?"

"कोपतो."

"आणि डबा संपला तर?"

"या पुडीतलं चमचाभर घालायचं, फिल्टरचं पाणी भरायचं, नितळू द्यायचं."

नरहररावांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "कुठल्या पोथीत आहे हे?"

"आमच्या माहेरी पूर्वापार चालत आलंय," वैजयंती म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

नागपूरला नातू झाला. फोनवर नरहरराव बाळाचं वजन विचारत आणि शेवटी म्हणत, "व्रत चालू आहे." तेवढं ऐकलं की ती निर्धास्त झोपे.

फेब्रुवारीत ती परतली. चपला काढून आधी टाकीकडे गेली आणि जागच्या जागी थांबली. पडद्याच्या दांडीला सलाईनची बाटली उलटी टांगलेली होती. तिच्या नळीतून मागच्या कप्प्यात थेंब पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता. पिंडीवरच्या अभिषेकासारखा. गुलाबी प्रवाळ तळहाताएवढा झाला होता.

"एकदम तांब्या ओतलेला बरा नाही," मागून नरहरराव म्हणाले. "थेंबाथेंबानं दिलेलं त्याला मानवतं. महादेवाची काही हरकत दिसली नाही."

त्यांनी नोंदवही तिच्यापुढं उघडून ठेवली. नवरात्रापासून जेव्हा जेव्हा तिनं तांब्या ओतला होता, त्या त्या तारखेपुढं लाल पेन्सिलीची बारीक खूण होती. एक नोव्हेंबरपासून औषधाच्या रकान्यात रोज शून्य होतं. आणि 'केमिस्ट'चा रकाना तिथून पुढं कोरा.

"पण तुम्ही तर रोज पावडर तोलत होतात."

"तोलायचो आणि परत बाटलीत ओतायचो. टाकी कोण चालवतंय ते बघायचं, तर आपला हात काढून घ्यावाच लागतो."

"कळलं कधी तुम्हाला?"

"पहिल्याच आठवड्यात. तांब्याच्या काठाला पांढरा पापुद्रा धरला होता." ते किंचित हसले. "दुसरं काय बघत आलोय मी जन्मभर?"

वैजयंतीला एकदम रडू आलं, आणि तंबाखूवाली म्हणून घेतलेले तीन महिने आठवून संतापही आला. "मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस, आणि मी पुन्हा पाव चमचा घातला असता." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "हा हात ऐकत नाही गं. मला माहीत आहे." मग खिशातलं पेन काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. "कोऱ्या रकान्याची वही मी कारखान्यात एक दिवस चालू दिली नाही. सह्या कर."

तिनं पदरानं डोळे पुसले आणि एक नोव्हेंबरपासून सह्या करायला घेतल्या. दोन पानं भरली. जानेवारीच्या पानावर, ती नागपूरला गेली त्या तारखेपासून, रकाना कोरा नव्हता. रोज सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'न. देशकर, मदतनीस.'

मग नाक ओढून तिनं पेनाला टोपण लावलं. "व्रताचं उद्यापन राहिलंय," ती म्हणाली. "सोळा जोडपी जेवायला घालायची. प्रमिलाबाई पहिल्या. पानात पेठा हवा."

"उद्यापनाचं तू सांगितलं नव्हतंस."

"आता सांगते आहे. केमिस्ट मी आहे."

नरहररावांनी मुकाट्यानं खुंटीवरची पिशवी घेतली आणि कोहळे आणायला करोंदच्या मंडईकडे स्कूटर काढली.